आधी फोनवर सांगून पाहा : वेबसाइटच्या नावाविषयी आमच्या ग्राहकांसाठी

वेबसाइट करायला दुकानात येणारा माणूस बहुतेक सगळं ठरवून येतो. रंग कोणता, पहिल्या पानावर वडलांचा फोटो की बगिच्याचा, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण कुठं. नाव मात्र खुर्चीवर बसल्यावर ठरतं, तेही चहा येईपर्यंत. "ठेवून द्या ना भाऊ, आपलंच काही तरी." रंग उद्या बदलता येतो, फोटोही बदलतो. नाव बदलायचं म्हटलं तर पाटी, बिलबुक, खोक्यांवरची छपाई, पिकअपच्या मागचं स्टिकर, सगळं पुन्हा. म्हणून हे पत्रक छापलं. घरी न्या, घरच्यांना वाचून दाखवा, मग या.

आधी एक घोळ मिटवतो. डोमेन म्हणजे नाव, होस्टिंग म्हणजे साइट जिथं ठेवली जाते ती जागा. दोन्हींचे पैसे वेगळे, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले तरी चालतं. डोमेन कोणी कायमचं विकत घेत नाही. ते ठेक्यानं घेतलेल्या वावरासारखं आहे: मुदत असेपर्यंत तुमचं, मुदतीत पैसे भरले नाहीत तर दुसऱ्याचं. एका वेळी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं.

इंग्रजी अक्षरांतल्या नावात ए ते झेड, ० ते ९ आणि मधात आडवी रेघ, एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. डॉटच्या आधीच्या भागात ६३ पर्यंत अक्षरं बसतात, पण बसतात म्हणून घालू नका. मोठी लिपी-लहान लिपी असा फरक नाही.

खरी अडचण : आपलं मराठी, त्यांची एबीसीडी

शहरातले लोक नाव जाहिरातीत वाचतात आणि त्यावर बोट ठेवतात. आपल्याकडं नाव ऐकलं जातं. मंडीत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कोणी तरी सांगतं आणि ऐकणारा घरी जाऊन मोबाइलवर टाइप करतो. त्यामुळं नाव दिसतं कसं याआधी ते ऐकून लिहिता येतं का, हे पाहावं लागतं. आणि मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची एकच एक रीत नाही, प्रत्येकाची आपापली आहे.

'कृषी' हाच शब्द घ्या. तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाटीवर तो असेल. आपण मराठी माणसं 'कृ' म्हणताना 'क्रु' म्हणतो, म्हणून लिहितो के-आर-यू. सातपुड्याच्या पलीकडं, मुलताई-पांढुर्ण्याकडं, हिंदी बोलणारा तोच शब्द 'क्रि' म्हणतो आणि के-आर-आय लिहितो. सरकारी कागदांवरही बहुतेक ठिकाणी 'आय'च असतो. आमच्या वरूडच्या दुकानाला दोन्हीकडचं गिऱ्हाईक. एका अक्षरानं अर्धं गिऱ्हाईक चुकायचं. 'मृग' बहाराचंही तसंच.

आता आमचंच गाव. वरूड डब्ल्यूनं लिहायचं की व्हीनं? सरकारी लिखाणात डब्ल्यू आहे, बऱ्याच पाट्यांवर व्ही. वर्धा, वाशीम डब्ल्यूनं, पण यवतमाळमधला 'व' व्हीनं. बुलढाण्यात एच कोणी घालतं, कोणी गाळतं. आणि अमरावती! आपली अमरावती इंग्रजीत ए-एम-आर अशी सुरू होते, आंध्रची अमरावती ए-एम-ए-आर अशी. एका 'ए'चा फरक, आणि माणूस थेट कृष्णेच्या काठावर. गावाचं नाव घालायचंच असेल तर जिल्ह्याच्या सरकारी साइटवर जे स्पेलिंग आहे तेच धरा. ते बरोबर आहे का यावर वाद घालू नका.

याशिवाय 'श' आणि 'ष', लांब 'आ'साठी एक ए की दोन, 'ई'साठी आय की डबल ई, 'ज्ञ'साठी तर तीन-चार प्रकार. 'ळ'ला इंग्रजीत अक्षरच नाही. ज्या नावात असली अक्षरं कमी, ते नाव चांगलं, असं साधं समजा.

शेंदूरजनाघाटच्या काकांची गोष्ट

संत्र्याच्या कलमांची नर्सरी असलेले एक काका आले. त्यांच्या डोक्यात नाव पक्कं होतं: गावाचं नाव, मग आडवी रेघ, मग रोपवाटिका. आम्ही म्हटलं, काका, आधी फोन लावा. पांढुर्ण्याला त्यांचे साळे असतात. स्पीकरवर टाकलं.

"लिवा जी, शेंदूरजनाघाट..."
"घाट जोडून का तोडून?"
"जोडून. मंग डॅश."
"डॅश म्हंजे कोणती? वरची का खालची?"

खालची, म्हणजे अंडरस्कोर, डोमेनमध्ये चालतच नाही. हे साळेबुवांना माहीत असायचं काही कारण नाही. त्यांनी कागदावर लिहून फोटो पाठवला. शेंदूरजना एस-एचऐवजी नुसत्या एसनं, वाटिका डब्ल्यूनं, रेघ खाली. मग काकांच्या मुलीला फोन लावला, ती नागपूरला शिकते. तिचं स्पेलिंग तिसरंच. काका मात्र हसले नाहीत, म्हणाले, "मंग लोकं मले शोधतीन कसे?"

पुढं तासभर बसलो. त्यांच्या वडलांना पंचक्रोशीत 'मामाजी' म्हणतात. एम-ए-एम-ए-जे-आय, याचं दुसरं स्पेलिंग सहसा कोणी करत नाही. काकांनी लगेच पुढं 'रोपे' जोडलं. इथं दुसरी गंमत. आर-ओ-पी-ई आपण 'रोपे' वाचतो, इंग्रजी वाचणारा 'रोप' वाचतो, म्हणजे दोर. मामाजींचा दोर! पाने, दाणे, नाते असल्या शब्दांतही हा खड्डा आहे. शेवटी 'मामाजी'पुढं नर्सरी जोडलं. (खरं नाव वेगळं आहे, काकांनी छापू नका म्हटलं.) नर्सरीचं स्पेलिंगही चुकतं, हे खरं, पण मोबाइलचा कीबोर्ड ते स्वतःच दुरुस्त करतो, रोपवाटिकेचं करत नाही. पुन्हा तिघांना फोन लावले, तिघांनी सारखं लिहिलं.

तेव्हापासून आम्ही हीच रीत ठेवली आहे. नाव ठरलं असं वाटलं की तीन माणसांना फोन: एक म्हातारं माणूस, एक शाळेतलं पोट्टं, एक हिंदी बोलणारा व्यापारी. नाव दोनदा सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही. तिघांचं जुळलं तर पुढं जायचं.

आडवी रेघ आमच्या स्वतःच्या पहिल्या डोमेनमध्ये होती, हेही कबूल करून टाकतो. दोन वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला "मधात मायनससारखी रेघ" सांगण्यात गेली. मग गुपचूप बदललं.

आकड्यांचंही तसंच. नावात 'चार' असेल तर तो आकडा, की इंग्रजी फोर, की सी-एच-ए-आर? विचारणारा विचारतोच.

आद्याक्षरं, पिकाचं नाव, दुसऱ्याचं नाव

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची साइट 'पीडीकेव्ही' या चार अक्षरांवर आहे. एवढं लांब नाव कोण टाइप करणार? तिथं ते चालतं, कारण १९६९ सालच्या त्या विद्यापीठाला अख्खं विदर्भ पीडीकेव्ही म्हणूनच ओळखतं. परवा उघडलेल्या दुकानाची आद्याक्षरं मालकाशिवाय कोणालाच माहीत नसतात. लोक तुम्हाला ज्या नावानं हाक मारतात ते नाव शोधा. पाटीवरचं नाव 'श्री अमुक ट्रेडर्स' असलं तरी लोक 'बसस्टँडवरचे पाटील' म्हणत असतील, तर ऐकून घ्या ते.

नावात पीक घालताना जरा थांबा. आज संत्रा, उद्या मोसंबी, परवा नुसतं कोल्ड स्टोरेज. आणि नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पुढं वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीलाही. हे मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं, एकट्याच्या ब्रँडचं नाही. म्हणून पुढं आपलं नाव ठेवा, आपण कोणता माल देतो ते साइटच्या आत लिहा.

ट्रॅक्टर, पंप, बियाणं कंपन्यांचे डीलर हमखास एक चूक करतात: कंपनीचं नाव, पुढं गावाचं नाव. कंपनीनं मनावर घेतलं तर ते डोमेन ती काढून घेऊ शकते. डॉट कॉमसाठी १९९९ पासून अशा वादांची ठरलेली पद्धत आहे, डॉट इनसाठी वेगळी आहे. आणि कंपनीनं नाही घेतलं तरी डीलरशिप बदलली की नाव गेलंच की. त्याचप्रमाणं ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या सेंटरवाल्यांनी सरकारी योजनेसारखं दिसणारं नाव घेऊ नये. लोक फसतात, आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्याकडं येतात.

शेवटी काय : डॉट कॉम, डॉट इन, की डॉट भारत

डॉट कॉम १९८५ पासून आहे. लोकांचं बोट आपोआप तिथंच जातं, मिळालं तर घ्या. डॉट इन आपल्या देशाचं, 'निक्सी' ही संस्था सांभाळते, २००५ पासून सगळ्यांना सहज मिळू लागलं. आमच्या मते इथल्या धंद्याला डॉट इन पुरतं. फक्त घेण्याआधी त्याच नावाच्या डॉट कॉमवर काय आहे ते उघडून पाहा. तिथं तुमच्याच धंद्यातला कोणी असेल तर दुसरं नाव शोधा. दोन्ही मोकळे असतील आणि खिसा परवानगी देत असेल तर दोन्ही घ्या, एक दुसऱ्याकडं वळवता येतं. डॉट सीओ हे डॉट कॉमचं लहान रूप नाही बरं, ते कोलंबिया देशाचं आहे.

डॉट शॉप, डॉट ऑनलाइन असली शेपटं पहिल्या वर्षी फार स्वस्त दिसतात. खाली बारीक अक्षरांत दुसऱ्या वर्षाचा दर असतो. तो वाचा. डोमेन कोणाकडूनही घ्या, आमच्याकडूनच घ्या असं नाही, पण विचारायचा प्रश्न एकच: रिन्यू करायला किती?

आता देवनागरी. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मराठीत पूर्ण नाव लिहिता येतं आणि ब्राउझरमध्ये उघडतं. आतून संगणक त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतो, त्यामुळं कधी कधी पत्त्याच्या जागी एक्स-एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं काही तरी विचित्र दिसतं. घाबरू नका, साइट तीच असते. पण स्पेलिंगचा त्रास इथं संपतो असं समजू नका. वरुड पहिला की दुसरा उकार? 'वऱ्हाड'मधला तो अर्धा 'र' कीबोर्डवर दोन प्रकारे उमटवता येतो, डोळ्यांना एकच, संगणकाच्या लेखी वेगळा. शिवाय देवनागरी ईमेल पत्ता अनेक फॉर्म अजून घेत नाहीत. म्हणून डॉट भारत हौसेनं घ्या, बचत गटाच्या पाटीवर ते फार छान दिसतं, पण जोडीला इंग्रजी अक्षरांतलं एक असू द्या.

नाव कोणाच्या नावावर?

हा भाग दोनदा वाचा. एक मंगल कार्यालयवाले आमच्याकडं आले. साइट पुतण्यानं कॉलेजात असताना करून दिली होती. ईमेल पुतण्याचा. मोबाइलही पुतण्याचा, तो नंबर रिचार्ज न केल्यानं बंद. पुतण्या पुण्याला नोकरीत, जुन्या ईमेलचा पासवर्ड त्यालाच आठवेना. मुदत संपल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. ऐन लग्नसराईत साइट गेली, आणि पत्रिकांवर तोच पत्ता छापलेला.

मुदत संपली की साइट बंद पडते. त्यानंतर काही दिवस नेहमीच्या दरात परत घेता येतं. मग दंडाचा टप्पा, डॉट कॉमसाठी ३० दिवसांचा, तिथं रक्कम चांगलीच वाढते. त्यानंतर ५ दिवसांत नाव मोकळं, जो आधी येईल त्याचं.

म्हणून मालकाच्या जागी तुमचं नाव, तुमचा चालू मोबाइल, तुमचा स्वतःचा ईमेल. तो ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद, मग सूचना येणार कुठं? पासवर्ड डायरीत, जिथं सातबारा ठेवता तिथं. आम्ही घेऊन दिलं तरी खातं तुमच्याच नावावर, रजिस्ट्रारची, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीची, पावती तुमच्याच नावाची. उद्या आमचं काम आवडलं नाही तर बदलीचा, म्हणजे डोमेन दुसरीकडं न्यायचा, कोड मागा, आम्ही देतो. जो देत नाही त्याच्याकडून नाव घेऊच नका.

साइट सुरू झाली की ईमेलही येऊ लागतील. "तुमचं नाव परदेशात कोणी तरी घेतंय, लगेच पैसे भरा," असे. भरू नका, आम्हाला दाखवा. आणि एक सवय लावून घ्या, बँकेच्या मेसेजलाही उपयोगी पडेल: पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीच्या टोकाला खरा मालक असतो. डावीकडं बँकेचं नाव कोणीही चिकटवू शकतं. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन'वर जायला सांगितलं ते यासाठीच.

येताना तीन नावं लिहून आणा, पहिलं बहुतेक गेलेलं असतं. मोबाइल चार्ज करून आणा, ओटीपी येतात. बाजाराच्या दिवशी येऊ नका, झेरॉक्सची रांग असते आणि फोनवर कोणाचंच काही ऐकू येत नाही. बाकी दिवशी दुपारी ३ नंतर निवांत असतो.