पार्श्वभूमी: प्रवाळाखालचा काळा पाषाण

आमच्या साक्रीकडे बोअर मारताना सगळ्यांचे डोळे चुऱ्यावर असतात. आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. सलग काळा लागला की शेतकऱ्याचा चेहरा उतरतो. पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक या प्रवाळबेटावर १९५२ साली भूवैज्ञानिक हॅरी लॅड आणि त्यांचे सहकारी मात्र हाच काळा पाषाण लागण्याची वाट बघत होते.

प्रवाळाची कंकणाकृती बेटं कशी तयार होतात, हा वाद ११० वर्षांचा होता. १८४२मध्ये चार्ल्स डार्विनने लिहिलं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, कडेचं प्रवाळ उजेडासाठी वर वाढत राहतं, शेवटी डोंगर बुडतो आणि पाण्यावर कंकण उरतं. समुद्रशास्त्रज्ञ जॉन मरे यांना हे खचणं मान्य नव्हतं. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर अगासी तर बेटांमागून बेटं पालथी घालत मालदीवपर्यंत आले, तेही डार्विनच्या विरोधातच. निवाडा व्हायचा तर खाली भोक पाडून, तळाशी ज्वालामुखीचा खडक लागतो का ते बघूनच. १८९६ ते ९८ या काळात पॅसिफिकमधल्याच फुनाफुटी या प्रवाळबेटावर ते पाडलं. ३४० मीटरपर्यंत नुसती प्रवाळापासून बनलेली चुनखडी.

लॅड मूळचे जीवाश्मांचे अभ्यासक. फिजीच्या विती लेवू बेटावरचं त्यांचं काम १९३४मध्ये छापून आलं. नंतर बिकिनी या प्रवाळबेटावर अमेरिकेच्या अणुचाचण्या ठरल्या आणि त्या निमित्ताने लॅड, केनेथ एमरी, जोशुआ ट्रेसी अशा मंडळींना तिथला तळ तपासता आला. बिकिनी आणि एनिवेटॉकच्या रहिवाशांना त्याच चाचण्यांसाठी घरदार सोडावं लागलं. हे ज्ञान त्या किमतीवर आलं, हे मला विसरता येत नाही.

१९४७मध्ये बिकिनीवर ७७९ मीटर खाली जाऊनही चुनखडी संपली नाही. एनिवेटॉकवर मात्र दोन बोअर १,२०० मीटरच्या पलीकडे गेले आणि पांढऱ्या चुनखडीखाली काळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा खडक, लागला. त्याहून बोलकी होती वरची चुनखडी. तिच्यात इतक्या खोलीवरही उथळ पाण्यातल्याच जीवांचे अवशेष होते. म्हणजे बेट खरंच खचत गेलं होतं. डार्विन बरोबर होता.

१९८७मध्ये मालदीवच्या पूर्व कडेला समुद्रतळात बोअर घेतला, तेव्हा तिथेही उथळ समुद्रातल्या चुनखडीखाली बेसाल्टच निघाला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकताना ज्या तप्तस्थळावरून (पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येतो त्या जागेवरून) गेला, त्यानेच तो ओतला होता, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्याच तप्तस्थळाने सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हाही ओतला होता, आमच्या विहिरींच्या तळाशी लागतो तोच.