दृश्यकलेतील पदव्युत्तर शिक्षण : बेळगाव सीमाभाग

चित्रकला, शिल्पकला, मुद्राचित्रण (ठसे घेऊन चित्र छापण्याची कला, प्रिंटमेकिंग) किंवा उपयोजित कला यांपैकी एका विषयात पदवीनंतर घेतले जाणारे, मुख्यतः स्टुडिओतल्या कामावर उभे असलेले दोन वर्षांचे शिक्षण. कर्नाटकात या पदवीला बहुधा एम.व्ही.ए. (मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) आणि महाराष्ट्र-गोव्यात एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) म्हणतात, बोलण्यात नुसते ‘मास्टर्स’. त्याआधी साधारणपणे चार वर्षांची बी.व्ही.ए. किंवा बी.एफ.ए. झालेली असते. विद्यार्थ्याला एक कोपरा मिळतो. त्यात भिंत, इझल आणि खिडकीचा उजेड असतो. त्या कोपऱ्यात दोन वर्षांत काय घडले, यावरच त्याचे मूल्यमापन होते. लेखी पेपर असतात, पण त्यांचे वजन कमी.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी घरांत चित्रकलेची ओढ पदवीच्या कितीतरी आधीची आहे. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या ‘चित्रमंदिर’ या कलाशाळेत मुले गुरूच्या शेजारी बसून शिकत. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, पाण्याच्या रंगाचा ओघ, उजेड कुठून येतो ते ओळखणे, हा तिथला अभ्यास. बेळगावात १९३५ साली जन्मलेले रवी परांजपे याच चित्रमंदिरातून घडले आणि पुढे बोधचित्रकार (इलस्ट्रेटर) व चित्रकार म्हणून देशभर गेले. धारवाडला डी. व्ही. हलभावी यांची कलाशाळा होती, कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची परंपरा होती. बेळगाव या दोन्हींच्या मधोमध. वास्तवदर्शी चित्रणाची भक्कम तालीम हे या पट्ट्याचे मोठे भांडवल. पण पदव्युत्तर स्टुडिओत पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्याची गाठ वेगळ्या प्रश्नाशी पडते. हात चांगला आहे हे सगळ्यांना दिसलेले असते, आता विचारतात, ‘हे का काढलंस?’

कलाशिक्षणाला विद्यापीठीय पदवीची चौकट देण्यात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. तिथली ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली, ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधुरी, के. जी. सुब्रह्मण्यन यांनी तिथे शिकवले. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ ची, शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ चे. सीमाभागातला विद्यार्थी या नावांकडे दुरून पाहत मोठा होतो. प्रत्यक्षात बरेच जण बंगळूरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत किंवा म्हैसूरच्या चामराजेंद्र दृश्यकला अकादमीत जातात. काही चोर्ला घाट उतरून पणजीच्या आल्तिन्होवरील गोवा कला महाविद्यालयात, तर काही मुंबईला किंवा बडोद्याला. बंगळूर सुमारे ५०० किलोमीटर, पणजी त्याच्या पावपट. तरी बंगळूरकडे पुष्कळ जण वळतात. कर्नाटकातले रहिवासी म्हणून प्रवेशाची आणि शिष्यवृत्तीची वाट त्यांना तिथे सरळ पडते.

प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, प्रात्यक्षिक परीक्षा आणि मुलाखत हे तीन टप्पे बहुतेक ठिकाणी असतात. त्यांत मुलाखत निर्णायक. पोर्टफोलिओत शाळेतल्या चित्रकलेच्या लोअर-हायर परीक्षांच्या वळणाची स्वच्छ वस्तुचित्रे भरून नेणाऱ्यापेक्षा एकाच विषयामागे लागून केलेली पंधरा-वीस अर्धवट, अस्वस्थ कामे नेणारा अधिक ऐकून घेतला जातो. स्केचबुक न्यावेच, आणि ते मुद्दाम नवे करू नये. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशनियमांत विवादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. आपल्या अभ्यासक्रमाला तो लागू आहे का, हे त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि गावाचा व मातृभाषेचा दाखला वेळेत काढून ठेवावा. दाखल्यासाठीच्या फेऱ्यांत पोर्टफोलिओचे दिवस जातात.

घरी बसून चित्र काढता येते, मग स्टुडिओच कशाला, हा प्रश्न घरचे हमखास विचारतात. चित्रकलेपुरता तो रास्त आहे. मुद्राचित्रणाला मात्र तो लागू पडत नाही. त्यातल्या एचिंग या प्रकारात जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा आम्लरोधक लेप देतात, त्यावर सुईने रेघ ओढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. लेप निघून धातू उघडा पडला असेल तिथेच तो झिजतो. मग त्या चरांत शाई भरून पत्र्याची वरची बाजू पुसतात आणि ओलसर कागद ठेवून जड रुळांच्या प्रेसमधून काढतात. कागद उचलला की उलटे चित्र सुलटे होऊन येते. एवढा प्रेस आणि आम्लाची हवा बाहेर काढणारी खोली बेळगावातल्या शहापूरच्या घराच्या सोप्यात मावणार नाही. धातूच्या ओतकामाचे आणि भट्टीचेही तेच. संस्थेच्या फीमध्ये खरे तर ही यंत्रे दोन वर्षे हाताशी मिळतात, आणि शेजारच्या कोपऱ्यात काम करणाऱ्यांच्या चुका रोज बघायला मिळतात. दुसरी गोष्ट जास्त शिकवते.

ठरावीक आठवड्यांनी काम भिंतीवर लावायचे, शिक्षक आणि बॅचमधली मुले समोर उभी राहणार आणि विद्यार्थ्याने बोलायचे. याला रिव्ह्यू म्हणतात, महाराष्ट्राच्या बाजूला जुरी हा शब्द अधिक चालतो. सीमाभागातून गेलेल्या मुलामुलींना या अभ्यासक्रमात सर्वांत जड जाते ते हेच. शाळा मराठी माध्यमाची, बाजारात आणि कचेरीत कन्नड, पदवीचे सिद्धांताचे पेपर इंग्रजीतून किंवा कन्नडमधून. तिन्ही भाषा कानावरून गेलेल्या, पण आपल्या चित्राविषयी सलग पाच मिनिटे बोलण्याची सवय एकीतही नाही. मग इंग्रजीतले चार तयार शब्द येतात. ‘स्पेस’, ‘टेन्शन’, ‘नॅरेटिव्ह’. त्यांनी चित्र झाकले जाते. शिक्षकाला वाटते, विचारच नाही. खरे तर विचार असतो. त्याला जिभेवर यायला वाट नसते.

यावर एक उपाय उपयोगी ठरतो, आणि तो इथे आग्रहाने नोंदवायला हवा. कामाचे टिपण आधी मराठीत लिहावे. पुस्तकी मराठीत नव्हे, बेळगावी बोलीत, ‘हे मी असं करायलोय, कारण...’ अशा सुरुवातीने. बेळगावातल्या वडगावच्या विणकराच्या घरातून आलेला मुलगा आडव्या-उभ्या रेषांचे अमूर्त चित्र करत असेल, तर ‘ग्रिड’ म्हणून त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), धोटा, कांडी म्हटले की त्याला आठवते की ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो आणि घरात एकदम शांतता होते. चित्रातली ती मोकळी पट्टी कुठून आली, हे त्याला स्वतःलाच तेव्हा कळते. त्या टिपणाचे इंग्रजी किंवा कन्नड मागाहून करता येते. पोत, छटा, तोल, लय, अवकाश हे शब्द मराठीत कधीचे रुळलेले आहेत. ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. कन्नड चांगले येत असेल तर तेही बिनदिक्कत वापरावे. सीमाभागातल्या मुलाची ती दुसरी जीभ आहे आणि म्हैसूर-बंगळूरच्या स्टुडिओत तिने मैत्री लवकर होते.

कामासाठी विषयांची या भागात वानवा नाही. खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना प्रसिद्ध; खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथेच आहे. शिल्पाचा विद्यार्थी सुट्टीत गावी आला की भट्टीचे ज्ञान त्याला तिथे मिळू शकते, आणि ते कोणत्याही ग्रंथालयापेक्षा पक्के असते. गोकाकची लाकडी फळे आणि खेळणी, अथणी-निपाणीकडची चामड्याची पायताणे, बेळगाव किल्ल्यातल्या १२०४ मधल्या कमल बस्ती या जैन मंदिराचे छत, हलशीची कदंबकालीन मंदिरे हे सगळे एका दिवसात जाऊन येण्याजोगे. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर उभे राहणारे सजीव देखावे आणि दिवाळीत मुलांनी अंगणात केलेले किल्ले ही तर इथल्या प्रत्येकाची पहिली शिल्पशाळा. पुठ्ठा, पोते, चिखल आणि दिव्यांची माळ यांतून जागा कशी उभी करायची, हे ज्याने दहाव्या वर्षी केले आहे त्याला मांडणीशिल्प (इन्स्टॉलेशन) ही परकी गोष्ट वाटू नये. दोन लिपींत पाट्या रंगवणारे बोर्ड पेंटर आणि पाट्यांवरून पेटणारा सीमावाद हाही विषय होतो. तो हाताळताना घोषणा सोपी पडते. भिंतीवरचा जुना रंग खरवडल्यावर खालून उमटणारे अक्षर चित्रात आणणे अवघड, पण टिकते तेच.

दुसऱ्या वर्षी प्रबंध, अंतिम मांडणी आणि तोंडी परीक्षा. प्रबंध बहुधा स्वतःच्या कामाच्या आसपासचा असतो. पदवीचा व्यावहारिक उपयोग मुख्यतः अध्यापनात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण असणे ही नेहमीची वाट आहे. नेटमध्ये दृश्यकलेचा विषयक्रमांक ७९ असून प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते. नावाजलेल्या व्यावसायिक कलावंतांसाठी नियमांत वेगळी वाटही ठेवलेली आहे. केवळ चित्रकार व्हायचे असेल तर या पदवीची सक्ती कोणी करत नाही. परांजप्यांची पिढी तिच्याशिवायच उभी राहिली. पण सलग दोन वर्षे कामाला वाहून घेण्याची मोकळीक सीमाभागातल्या मध्यमवर्गीय घरात दुसऱ्या कोणत्या नावाखाली मिळणे कठीण. विशेषतः मुलींना. ‘कॉलेजला जाते’ हे उत्तर शेजाऱ्यांना पुरते.

परतल्यावरची पहिली अडचण जागेची, दुसरी पावसाची. तैलरंग पाणी उडून वाळत नाहीत, जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. थंड, दमट हवेत ते रेंगाळते. खानापूर-बेळगावच्या जून ते सप्टेंबरात जाड थर आठवडेच्या आठवडे ओले राहतात, भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते, कागद लाटेसारखा उठतो. म्हणून चित्रे भिंतीपासून वीतभर पुढे ठेवतात, कागद सपाट खोक्यात, आणि पावसाळ्यात बरेच जण रेखाटनाकडे किंवा लाकूडकोरणीच्या ठशांकडे वळतात. अंतिम मांडणी उतरवल्यावर मोठे कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळीने आणायचे असतात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवतात, म्हणजे रंगाचा थर आत चुरगळत नाही, आणि नळी जितकी जाड तितके बरे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास करून सकाळी बेळगाव स्टेशनवर उतरणाऱ्या मुलाच्या खांद्यावर पुठ्ठ्याची तशी लांब नळी असते. घरी गेल्यावर ती पहिल्याच दिवशी उघडून चित्र सपाट पसरायला हवे.