तीनशे दिवसांचा हिशोब

गोव्यात जमिनीचा तुकडा विकायचा तर नवऱ्याबरोबर बायकोचीही सही लागते, हे इथे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ही सही आली पोर्तुगीज नागरी संहितेतून. ती १८६७ ची, गोव्यात १८७० मध्ये लागू झाली. तिच्यातलंच एक कलम मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. नवरा वारल्यावर तीनशे दिवसांच्या आत विधवेला पुन्हा लग्न करायचं असेल, तर ती गरोदर आहे की नाही याची आधी तपासणी करावी लागे. विधुराला असली अट नव्हती.

गर्भारपण शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सरासरी २८० दिवसांचं, गर्भ राहिल्यापासून सुमारे २६६. लांबलेलं बाळंतपण जमेस धरलं की तीनशे होतात. प्राचीन रोममध्ये विधवेला दहा महिने थांबावं लागे. इस्लाममधली विधवेची इद्दत, म्हणजे पुन्हा लग्नाआधी थांबायची मुदत, चार महिने दहा दिवसांची. दिवस गेलेले असले तर बाळंतपणापर्यंत.

जपानचं गणित सगळ्यांत मजेशीर. लग्न मोडल्यापासून तीनशे दिवसांत जन्मलेलं मूल आधीच्या नवऱ्याचं, नव्या लग्नानंतर दोनशे दिवस उलटून जन्मलेलं नव्याचं, असा तिथला कायदा २०२४ पर्यंत होता. दोन्ही मुदती एकमेकींवर चढू नयेत म्हणून शंभर दिवस थांबणं पुरेसं होतं. कायदा मात्र बाईला सहा महिने थांबवत होता! २०१६ मध्ये ते शंभर दिवस झाले आणि २०२४ मध्ये अटच गेली. डीएनए चाचणी आल्यावर ती तशीही कालबाह्यच होती.

आपल्याकडच्या उच्चवर्णीयांनी दिवस मोजलेच नाहीत. विधवेला जन्मभर थांबवलं. कुणबी-माळ्यांत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागत असे, आणि पेशवाईत त्यावर पाटदाम नावाचा करही होता. म्हणजे प्रश्न नुसत्या पोटाचा नव्हता, इस्टेटीचाही होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याकडून वारशाने आलेला हक्क काढून घेतला. गोव्याच्या संहितेत निम्मी मालमत्ता मुळात बायकोचीच. तिथेही १८८० च्या हुकुमाने पंचविशीपर्यंत मूल न झालेल्या हिंदू बायकोच्या नवऱ्याला दुसरीची वाट मोकळी ठेवली होतीच.

माझ्या आजीची आते कागदोपत्री अर्ध्या घराची मालकीण होती. तिचे केस उतरवायला न्हावी मागच्या दाराने येई.