'विक्रांत'चं तरंगतं संग्रहालय मुंबईला का राखता आलं नाही

मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ धातूचं एक शिल्प उभं आहे. रोज तिथून बसने जाणाऱ्या कित्येकांना ते कशाचं आहे हे ठाऊक नसतं. त्यातला धातू 'आयएनएस विक्रांत'चा आहे. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडवलेलं हे स्मारक जानेवारी 2016 मध्ये उभं राहिलं. 213 मीटर लांबीची ती विमानवाहू नौका याच भिंतीपलीकडच्या धक्क्याला वर्षानुवर्षं बांधलेली होती, आणि तिचं कायमचं संग्रहालय करायचं हे सगळ्यांनाच मान्य होतं. तरीही ती भंगारात गेली. हे कसं झालं ते समजायला तिच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं.

दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, 1943 मध्ये, इंग्लंडमधल्या टाइन नदीकाठी व्हिकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात तिचं काम सुरू झालं. तेव्हा तिचं नाव होतं 'हर्क्युलिस'. ब्रिटनला विमानवाहू नौका झटपट हव्या होत्या. 22 सप्टेंबर 1945 रोजी ती पाण्यात उतरली, पण जपानच्या शरणागतीवर सही होऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. युद्ध संपलं, पैसा आटला आणि पाऊण बांधून झालेली नौका तशीच पडून राहिली. 1957 च्या जानेवारीत भारताने ती विकत घेतली. उरलेलं काम बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत झालं. जेट विमानं उतरावीत म्हणून तिला तिरकी उड्डाणपट्टी बसवली, आणि विमान पुढे फेकणारं वाफेचं कॅटापुल्टही. 4 मार्च 1961 रोजी ब्रिटनमधल्या आपल्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले कप्तान. ऋग्वेदातली 'जयेम सं युधि स्पृधः' ही ओळ तिचं ब्रीद झाली. आमच्याशी लढायला येतील त्यांना आम्ही जिंकू, असा तिचा अर्थ.

3 नोव्हेंबर 1961 ला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंडित नेहरू जातीने हजर होते. पुढच्याच महिन्यात गोवा मुक्तीची मोहीम सुरू झाली आणि 'विक्रांत' गोव्याच्या किनाऱ्याबाहेर गस्तीला उभी राहिली. बाहेरून कुणी मदतीला येऊ नये, एवढंच तिचं काम होतं. 1965 च्या युद्धात ती दुरुस्तीसाठी सुक्या गोदीत होती. त्यावरून लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं, आणि नौदलातल्या माणसांना ते फार लागलं.

1971 ची हकिगत समजायची तर आधी तिचा बॉयलर समजून घ्यायला हवा. चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते. बॉयलरची वाफ नौका चालवते आणि कॅटापुल्टही तिच्यावरच चालतं. विमान उडवायला समोरून वारा हवा असतो आणि तो नौकेच्या वेगातून मिळतो. म्हणजे बॉयलर कमकुवत झाला की वेग कमी, वारा कमी आणि फेकण्याची ताकदही कमी. ही नौका युद्धावर न्यायची की नाही यावर नौदलात बराच खल झाला. शेवटी अभियंत्यांनी त्या बॉयलरला पोलादी पट्टे आवळले, वेगावर मर्यादा घातली आणि 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात गेली. एखाद्या घरातलं मोडकं कपाट दोरीने बांधून दुसऱ्या घरी हलवावं तसं हे वाटतं खरं, पण त्या पट्ट्यांमागे कित्येक रात्रींची आकडेमोड होती.

पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी तिच्याच मागावर कराचीहून निघाली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल एन. कृष्णन यांनी 'विक्रांत'ला अंदमानात दडवलं आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा उभा केला. जुन्या 'राजपूत' या विनाशिकेला विक्रांत असल्यासारखे संदेश पाठवायला लावले. बाजारात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली. सगळ्यात साधी युक्ती एका तारेची. आई फार आजारी आहे, तिची खुशाली कळवा, असा एका नौसैनिकाचा खासगी संदेश सांकेतिक भाषेत न टाकता उघड पाठवला गेला. ऐकणाऱ्याला वाटावं, एवढ्या गर्दीच्या संदेशवहनात असला घरगुती निरोप जातोय म्हणजे जहाज मोठंच असणार. 'गाझी' विशाखापट्टणमबाहेर बुडाली. 4 डिसेंबरला 'विक्रांत'वरून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले सुरू केले आणि पूर्व पाकिस्तानची समुद्रवाट बंद झाली. तेव्हाचे कप्तान स्वराज प्रकाश यांना महावीरचक्र मिळालं.

पुढची पंचवीस वर्षं दुरुस्त्यांची आणि फेरबदलांची. 1983 पासून सी हॅरियर विमानं आली. त्यांच्यासाठी 1980 च्या दशकाअखेर कॅटापुल्ट काढून पुढच्या टोकाला वर उचललेली उड्डाणपट्टी बांधली गेली. 1994 च्या नोव्हेंबरात ती स्वतःच्या इंजिनांवर शेवटची समुद्रात गेली. 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली.

संग्रहालयाची गोष्ट इथून सुरू होते, आणि सगळं बिनसलंही इथूनच. 2001 पासून नौदलाने 'विक्रांत'चं दालन लोकांसाठी उघडलं, पण वर्षातले मोजकेच दिवस. कारण ती नौदलाच्या चालू गोदीत उभी होती. तिथं रोज युद्धनौका येतात-जातात, आणि त्या आवारात बारा महिने लोकांची रीघ लावणं शक्यच नव्हतं. अशाच एका दिवशी मीही रांगेत उभी राहिले होते. आत शिरताना दाराचा उंबरा एवढा वर की पुढचं लहान मूल दोनदा अडखळलं. शिड्या उभ्या आणि अरुंद. खाली तेल, रंग आणि गंज यांचा एकमेकांत मिसळलेला वास. वर उड्डाणपट्टीवर आलो तेव्हा रांगेतली सगळी माणसं एकदम गप्प झाली. पुढच्या चढाच्या टोकाला उभं राहून खाली पाणी पाहिलं तेव्हा इथून माणूस विमानासकट हवेत झेपावत असेल, हे मनात आलं आणि पोटात खड्डा पडला. कितीही छायाचित्रं पाहिली तरी ते कळलं नसतं.

युद्धनौका जमिनीवरच्या इमारतीसारखी नसते. खारं पाणी पोलाद खातं. तळाचे पत्रे पातळ होत जातात, आत पाणी झिरपतं, ते पंपांनी उपसत राहावं लागतं आणि काही वर्षांनी एकदा सुक्या गोदीत नेऊन तळ तपासावा लागतो. लंडनमध्ये 'बेलफास्ट' ही जुनी क्रूझर 1971 च्या ऑक्टोबरपासून थेम्सवर संग्रहालय म्हणून उभी आहे. तीही ह्याच हार्लंड अँड वुल्फची! तिलासुद्धा 1999 मध्ये पोर्ट्समथला नेऊन गोदीत घ्यावं लागलं. तिच्यामागे इम्पिरियल वॉर म्युझियमसारखी कायमची संस्था आहे, हा खरा फरक. 'विक्रांत'ची मालकी नौदलाकडे, संग्रहालयाची अपेक्षा राज्य सरकारकडून, आणि जागा कुणाकडेच नाही. कायमचा धक्का कुठे, चालवणार कोण, तोटा कोण सोसणार हे प्रश्न पंधरा वर्षं तसेच राहिले. खासगी भागीदार शोधण्याचे प्रयत्न झाले, फळले नाहीत. माझ्या मते तिथं पैशांपेक्षा जबाबदार माणसाची उणीव जास्त होती. नौका आपली म्हणणारे पुष्कळ होते, पण तिच्या तळाची काळजी वाहणं हे कुणा एकाचं काम म्हणून ठरलंच नाही.

2012 मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ती लोकांसाठी बंद झाली. पुढच्या वर्षी सरकारने विक्रीचा निर्णय घेतला आणि लिलावात ती सुमारे 60 कोटी रुपयांना गेली. एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, ती जानेवारी 2014 मध्ये फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात तात्पुरती स्थगिती दिली, ऑगस्टमध्ये तीही उठली. मधल्या काळात, 28 मे रोजी, टगबोटींनी तिला नौदल गोदीतून ओढून दारुखान्याला नेलं. तो जहाजं तोडण्याचा भाग आहे, नाव मात्र जुन्या बारुदकोठारावरून पडलेलं. 22 नोव्हेंबर 2014 पासून तिथं गॅस कटरने तिचे पत्रे कापायला सुरुवात झाली. त्यातलं थोडं पोलाद पुढे बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलीत वापरलं गेलं. ती गाडी घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी 'विक्रांत'साठीच ती घेतली.

विशाखापट्टणमची 'कुरसुरा' पाणबुडी 2001 मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून उघडली. तिला पाण्यातून ओढून वाळूवर आणलं, आणि चालवायला शहर विकास प्राधिकरण पुढे आलं. पाणबुडी विमानवाहू नौकेपेक्षा कितीतरी लहान, हे खरंच आहे. पण पाण्याबाहेर काढल्यामुळे तळाची अर्धी डोकेदुखी संपली, हेही खरं.

'विराट' या दुसऱ्या विमानवाहू नौकेच्या वेळी महाराष्ट्राला पुन्हा संधी मिळाली. ती 6 मार्च 2017 रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करण्याच्या 852 कोटींच्या योजनेला मान्यताही दिली. मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनी त्यावर बरीच स्वप्नं पाहिली. पुढे काही घडलं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये 'विराट' मुंबईहून गुजरातमधल्या अलंगला भंगारात गेली, 38.54 कोटी रुपयांना.

आता त्याच निवतीच्या समुद्रासाठी वेगळा बेत आहे. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका तिथं तळाशी बसवायची, तिच्यावर प्रवाळ धरू द्यायचे आणि बुडी मारणाऱ्या माणसांनी आत जाऊन ती पाहायची, असा. 2025 मध्ये नौदलाने ती राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात दिली.