एका रस्त्याचं गाव आणि घरामागचे पट्टे

ड्रोनने काढलेला तो फोटो तुम्हीपण बघितला असेल, मधून एक नागमोडी रस्ता, दोन्ही बाजूंना घरंच घरं आणि मागे शेतांचे हिरवे-पिवळे पट्टे, नदीकाठी साड्या वाळत घातल्यासारखे. ते गाव पोलंडमधलं सुवोशोवा. क्राकूव्हपासून साधारण 30 किमी. रस्ता 9 किमीचा. याच नावाची तिथे 'ग्मीना' आहे, म्हणजे गटग्रामपंचायत समजा, तिची मिळून वस्ती जवळपास 6 हजार.

घरं अशी एका ओळीत का? पाण्यामुळे. खाली जुरासिक काळातला चुनखडक, त्याला भेगाच भेगा, त्यामुळे वर पडलेला पाऊस सरळ आत जिरतो आणि पाणी मिळतं ते खाली प्रोंदनिक नदीच्या खोऱ्यात. मग वस्तीही खोऱ्याच्या कडेकडेने लांबत गेली. चुनखडकावर मात्र लोएस नावाची माती आहे, हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली बारीक पिवळसर धूळ, चिमटीत घेतली तर पिठासारखी. पिकाला एकदम मस्त, पण उतारावर उघडी पडली की एका जोराच्या सरीत वाहून जाते.

पट्टे लांब असण्यामागे साधा हिशोब आहे. प्रत्येक घराला खालची ओल, मधला उतार आणि वरचा माथा यांचा थोडाथोडा वाटा मिळतो, शिवाय जड नांगर सारखा वळवावा लागत नाही. वाटण्या झाल्या तरी पट्टा उभाच चिरायचा, आडवा चिरला तर वरच्या भावाने शेतात जायचं कुठून? पट्टे अरुंद होत गेले ते असे.

हा भाग तेव्हा रशियाच्या अंमलाखाली होता, 1864 मध्ये जमिनी कुळांच्या मालकीच्या झाल्या. पुढे कम्युनिस्ट सरकारने सामूहिक शेतीचा घाट घातला, पण 1956 नंतर पोलंडभर तो प्रकार बहुतेक गुंडाळला गेला. म्हणून बांध राहिले. बांधाला तिकडे 'म्येद्झा' म्हणतात, तिथे नांगर लागत नाही त्यामुळे गवत, रानफुलं, मधमाश्या, ससे सगळे टिकतात. ट्रॅक्टरवाल्याला हे बांध म्हणजे कटकटच, पण मला विचाराल तर फोटोपेक्षा भारी गोष्ट हीच आहे.

याच ग्मीनेत प्येस्कोवा स्कावाचा 14 व्या शतकातला किल्ला आहे, शेजारी 'हर्क्युलिसची गदा' नावाचा चुनखडकाचा उंच सुळका. टुरिस्ट तिकडेच जातात. गावातल्या रस्त्यावर उभं राहिलं तर पट्टे दिसतच नाहीत, दोन घरांच्या फटीतून बटाट्याच्या चार सऱ्या दिसतात, बस.