सोलर बसवण्याआधी एवढं वाचा
(सोलापूर शहर आणि परिसरातील घरगुती ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

चौकशीला येणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास बोलतात : "सोलापूरचं ऊन म्हणजे सोलरला काय कमी!" ऊन कमी नाही, हे खरंच. पण पॅनलला लागतो उजेड, उष्णता नव्हे. उष्णतेने उलट वीज घटते. पॅनलवर छापलेले वॅट हे आतले सेल (वीज तयार करणाऱ्या चकत्या) २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर गेली की काचेखालचा सेल ६०-६५ अंशांपर्यंत तापतो, आणि २५च्या वर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे भर दुपारी दहा-पंधरा टक्के असेच गेले. म्हणून आम्ही पॅनल पत्र्याला चिकटवून बसवत नाही, खालून वारा खेळता ठेवतो. गच्चीवर स्ट्रक्चर उंच घेतलं तर पापड-कुरडयांच्या वाळवणाला आणि उन्हाळ्यात झोपायला जागाही राहते.

वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट मिळतात. ढगाळ जुलै-ऑगस्टमध्ये कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. ३ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाला ४,०००च्या थोडी वर युनिट होतात. कुणी रोज सहा युनिटची खात्री देत असेल, तर तो चांगल्या दिवसाचा आकडा वर्षभराला लावतोय.

कोळशाचा हिशेब

घरातली कॉलेजला जाणारी मुलं विचारतात, आपल्या गच्चीमुळे जागतिक तापमानवाढीत काय फरक पडणार? प्रश्न रास्त आहे. कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जमिनीतून परत निघणारी उष्णता धरून ठेवतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, आता ४२०च्या वर गेलेत. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं २०२४. उकाडा वाढला की कूलर-एसी जास्त चालतात, त्यांच्यासाठी पुन्हा कोळसा जळतो. आपल्या फताटेवाडीचं वीज केंद्रच १,३२० मेगावॅटचं आहे, तेही कोळशावरचं.

देशाच्या ग्रिडमधल्या (म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यातल्या) एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्या हिशेबाने ३ किलोवॅटचं सोलर वर्षाला तीन टनांच्या आसपास वाचवतं. पॅनल बनवायलाही वीज लागते, हा आक्षेप बरोबर आहे. पण तेवढी वीज पॅनल साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत परत देतं आणि त्यापुढे वीस-पंचवीस वर्षं चालतं.

२०२५मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅसशिवायची झाली. बातमी चांगलीच आहे, पण क्षमता आणि प्रत्यक्ष वीज यांत फरक असतो. रात्री सोलर शून्य, त्यामुळे बहुतांश युनिट अजून कोळशाचीच आहेत. तुमचे रात्रीचे दिवेही त्यांवरच चालणार. म्हणून पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं दुपारी उरकावीत. बिलात फार फरक दिसणार नाही, पण कोळशाच्या हिशेबात तो नक्की पडतो.

बिल आणि अनुदान

महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो. सोलरमुळे आधी वरचे महाग युनिट कमी होतात, म्हणून ३०० युनिटच्या वर जाणाऱ्या घराला फायदा लवकर दिसतो. महिन्याला १००च्या आत वापर असेल तर आमचा सल्ला सरळ आहे : घाई करू नका. 'शून्य बिल' ही जाहिरातही जपून वाचा, कारण स्थिर आकार भरावाच लागतो.

दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) ग्रिडला जाते, तेवढे युनिट तुमच्या खात्यात जमा होतात आणि पुढच्या बिलांत वळते होतात. ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटचा भाव मात्र फारच कमी मिळतो. गरजेपेक्षा मोठं सोलर घेऊन वीज विकायचा बेत त्यामुळे जमत नाही.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. काम पूर्ण होऊन मीटर लागल्यावर ते थेट तुमच्या बँक खात्यात येतं, आमच्याकडे नाही. पॅनल देशी सेलचे हवेत. दुकान किंवा यंत्रमाग कारखान्याच्या जोडणीला हे अनुदान नाही.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावापायी. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या, बँक खातं मुलाचं! आधी बिलावरचं नाव बदलून घ्या, मग अर्ज करा. भावाभावांत गच्ची सामाईक असेल तर लेखी संमतीही आधीच घेऊन ठेवा. (हे आम्ही सांगितलं की काहींना राग येतो. येऊ द्या.)

लाइट गेली तर?

सोलरही बंद पडेल. बॅटरी नसलेला सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ग्रिड गेली की स्वतःहून थांबतो, नाहीतर तुमच्या गच्चीवरून उलट गेलेल्या विजेचा झटका खांबावरच्या वायरमनला बसेल. भारनियमनाचा त्रास असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो.

जुन्या माळवदावर आम्ही काम घेत नाही. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी जोडलेल्या ओळीची वीज उतरते, म्हणून टाकी हलवणं बहुधा स्वस्त पडतं. यंत्रमागांच्या वस्तीत कापसाचा भुगा पॅनलवर बसतो. तिथे आठवड्याला, इतरत्र पंधरवड्याला धुवा. सकाळी लवकर धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी क्षारांचे डाग सोडतं, नळाचं वापरा.

येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं आणा. ती नसतील तर ग्राहक क्रमांक पुरतो. सोबत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला काढलेले गच्चीचे फोटो असले की सावलीचा अंदाज येतो. प्रत्यक्ष पाहणीचे पैसे आम्ही घेत नाही.