जुन्या प्रोग्रामचे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण ठणठणीत चालणारे संगणक तेव्हा भरपूर होते. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचा विचार करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: माझा तो जुना प्रोग्राम चालेल का? ज्या कंपनीने तो बनवला ती कदाचित केव्हाच बंद पडलेली असते, पण दहा-पंधरा वर्षांच्या फाइली त्याच्याशिवाय उघडत नाहीत.

हा प्रश्न डेस्कटॉपच्याही आधीचा आहे. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही नवी मालिका जाहीर केली, तेव्हा अनेक ग्राहकांचे काम कंपनीच्याच जुन्या १४०१ यंत्रांवर चालत होते आणि १४०१ ची भाषा ३६० ला कळत नव्हती. सगळे नव्याने लिहा म्हणावे, तर ग्राहक हातचा जाणार. हनीवेल या प्रतिस्पर्धी कंपनीने १४०१ चे प्रोग्राम आपल्याकडे ओढून घेता यावेत अशा बेताने एक यंत्र बाजारात आणलेलेच होते. मग आयबीएमने ३६० च्या लहान मॉडेलांच्या मायक्रोकोडमध्येच, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचात, १४०१ च्या सूचना समजण्याची सोय केली. ‘एम्युलेटर’ हा शब्द त्याच कामातून रुळला.

डेस्कटॉपवर अडचण थोडी निराळी असते. विंडोज काढून लिनक्स टाकले तरी प्रोसेसर तोच राहतो, त्यामुळे प्रोग्रामच्या सूचना त्याला कळतातच. अडते ते पुढे. प्रोग्राम पदोपदी ऑपरेटिंग सिस्टीमकडे काही ना काही मागत असतो: ही फाइल उघड, ही खिडकी काढ, एवढी मेमरी दे. या मागण्या विंडोजच्या पद्धतीने केलेल्या असतात आणि नव्या घरात त्यांना ओ देणारे कुणी नसते.

आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमने १९९२ मध्ये यावर सरळ उपाय केला. मायक्रोसॉफ्टबरोबरच्या जुन्या करारामुळे विंडोजचा कोड वापरण्याचा हक्क आयबीएमकडे होता, म्हणून तिने विंडोजच आत बसवली. ‘विंडोजपेक्षा सरस विंडोज’ अशी जाहिरातही केली. माझ्या मते हेच तिच्या अंगाशी आले. विंडोजचे प्रोग्राम ओएस/२ वर चालतातच म्हटल्यावर खास ओएस/२ साठी लिहायला कोण बसणार? पुढे विंडोज ९५ बरोबर ३२-बिट, म्हणजे नव्या पिढीच्या, प्रोग्रामांची लाट आली आणि त्यांच्यापुढे ती सोय अपुरी पडली.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणाऱ्या वाइन या प्रकल्पाकडे असा कोणताही करार नव्हता. बॉब ॲमस्टॅट आणि एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला; १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड त्याची धुरा वाहत आहेत. विंडोजचा कोड न घेता विंडोजच्या प्रत्येक मागणीला उत्तर देणारा थर नव्याने लिहायचा, असा हा खटाटोप. आवृत्ती १.० यायला २००८ उजाडले, म्हणजे तब्बल १५ वर्षे. उशिराचे कारण आळस नव्हे. कागदोपत्री लिहिलेले वर्तन उतरवणे त्यातल्या त्यात सोपे. पण प्रोग्राम विंडोजच्या न लिहिलेल्या सवयींवर, चुकांवरसुद्धा विसंबून असतात, आणि मग त्या चुकाही हुबेहूब उतरवाव्या लागतात. खुद्द मायक्रोसॉफ्टची यातून सुटका नव्हती. ‘सिमसिटी’ हा खेळ परत केलेली मेमरी पुन्हा वापरायचा. तो चालावा म्हणून विंडोज ९५ मध्ये खास पळवाट ठेवली होती.

दुसरा मार्ग अख्खी जुनी सिस्टीमच व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, ठेवण्याचा. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये तो साध्या पीसीवर आणला. यात अंदाज बांधावा लागत नाही, पण जुन्या सिस्टीमचा परवाना लागतो आणि तिला इंटरनेटपासून लांब ठेवणे बरे. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज ७ च्या वरच्या आवृत्त्यांना ‘एक्सपी मोड’ देताना हीच युक्ती वापरली.

गंमत अशी की ६४-बिट विंडोजने त्याहून जुन्या १६-बिट प्रोग्रामांना दार बंद केले, तर ६४-बिट लिनक्सवर वाइनमध्ये त्यांतले बरेच चालत राहिले. काही ३२-बिट प्रोग्राम तर केवळ त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असल्यामुळे नव्या विंडोजवर बसेनात. वाइनमागचा पैसा मात्र जुन्या ऑफिस-प्रोग्रामांपेक्षा खेळांनी वाढवला: वाल्व या खेळांच्या कंपनीने २०१८ मध्ये वाइनवर आधारलेले प्रोटॉन आणले आणि २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राचा सारा भार त्यावर टाकला. ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) आणि त्यावर चालणारे डोंगल (प्रोग्रामचा परवाना तपासणारी, संगणकाला लावायची किल्ली) यांपुढे वाइन आजही बहुधा हात टेकते, कारण त्यांना कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, आत जागा हवी असते.

ॲपलने प्रत्येक स्थलांतरात पूल स्वतः बांधून दिला आणि स्वतःच काढून घेतला. २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये जुन्या मॅकचे प्रोग्राम चालवणारे ‘क्लासिक’ २००७ च्या लेपर्ड आवृत्तीत काढून टाकले गेले. आधीच्या पॉवरपीसी प्रोसेसरचे प्रोग्राम इंटेलवर चालवणारा २००६ चा रोझेटा २०११ च्या लायन आवृत्तीत नाहीसा झाला. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्राम बंद केले. इंटेलचे प्रोग्राम ॲपलच्या चिपवर चालवणारा रोझेटा २ आला २०२० मध्ये. मॅक ओएस २७ नंतर काही जुन्या खेळांपुरताच तो उरेल, असे ॲपलने २०२५ मध्येच सांगून टाकले आहे.